चौथं पान

फॉर्म हातात पडला मंगळवारी, आणि त्या घडीपासून काकूंचा पाय एका जागी ठरेना. बस आली, बसायला खिडकीची जागा मिळाली, तरी दोन स्टॉप आधीच उतरून त्या चालू लागल्या. घरी येऊन ओटा पुसला. मग चहा केला, आणि चहाचा थेंबही सांडला नव्हता तरी पुन्हा ओटा पुसला.

तसा फॉर्म साधाच होता. चार पानं, पिन मारलेली. पहिल्यावर नाव, वर्ग, हजेरी क्रमांक. दुसऱ्यावर डॉक्टरांचा दाखला. तिसऱ्यावर फोटो चिकटवायचा चौकोन. आणि चौथं पान गुलाबी. त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत 'फक्त विद्यार्थिनींसाठी' आणि खाली एकच वाक्य: माझी पाल्य (आडनाव आधी) ............ हिला विद्यापीठाच्या रस्सीखेच संघाबरोबर परगावी जाण्यास माझी संमती आहे. मग पालकाचं नाव, नातं, सही.

काकूंचं वय चव्वेचाळीस. त्यांची स्वतःची पाल्य याच विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला होती.

विद्यापीठात त्या आल्या दीड वर्षापूर्वी. त्याआधी पंधरा वर्षं बेकरीत. बेकरी अजून सुटली नव्हतीच; सकाळची पाळी करायची, मैद्याची पोती गाडीवरून उतरवायची, पीठ मळायचं, आणि अकरा वाजता केसांतला मैदा झटकून इतिहासाच्या वर्गात जाऊन बसायचं. लेकीने पहिल्याच दिवशी तह करून घेतला होता. "आई, तू शिकतेयस याचा मला खरंच अभिमान आहे. फक्त कॅन्टीनमध्ये हाक मारू नकोस." काकूंनी तो तह पाळला. लेक समोरून आली की त्या नोटीस बोर्ड वाचू लागायच्या. त्यामुळे विद्यापीठातल्या सगळ्या नोटिसा वाचलेल्या त्या एकमेव विद्यार्थिनी असाव्यात.

रस्सीखेचेच्या नोटिशीमुळे मात्र त्या संघात गेल्या नव्हत्या. लायब्ररीच्या मागच्या मैदानावर सात मुली दोर धरून उभ्या होत्या आणि आठवी आली नव्हती. वकिलीच्या वर्गातली एक चणीने लहान आणि आवाजाने मोठी मुलगी, संघाची कप्तान, तिने येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर टाकली, ती काकूंच्या खांद्यांवर येऊन थांबली.

"काकू, जरा धरता का?"

ते 'जरा' पाच महिने चाललं होतं.

रस्सीखेचेत एका बाजूला आठजणी असतात. सगळ्यात मागची दोराचं टोक काखेखालून घेते, पाठीवरून खांद्यावर टाकते आणि टाचा जमिनीत रोवून मागे झुकते. पुढच्या सातजणी ओढतात, मागचीने हलायचं नाही. काकू हलत नसत. पहिल्याच दिवशी समोरच्या मुलांनी त्यांना हलवायचा प्रयत्न केला, आणि त्यातला एक जण नंतर कप्तानाला विचारत होता, "त्यांना जमिनीत पुरलंय का?" घरी, वर्गात, बेकरीत सतत हात चालू असणाऱ्या बाईला तासाभरासाठी कुणी सांगावं की काही करू नका, नुसत्या तिथेच राहा, याचं त्यांना इतकं सुख वाटलं, की ते घरी कुणाला सांगायचंच राहून गेलं. मग ते सांगायचं कसं हाच प्रश्न होऊन बसला. घरात त्याचं नाव 'शनिवारची लायब्ररी' होतं.

आता आंतरविद्यापीठ स्पर्धा परगावी होती. शुक्रवारी दुपारी दोनला बस सुटायची, रविवारी संध्याकाळी परत. फॉर्म शुक्रवारी बाराच्या आत. राखीव मुलीचा घोटा मुरगळलेला होता. म्हणजे काकू गेल्या नाहीत तर सात उरायच्या, आणि सातांच्या संघाला कुणी दोरालाही हात लावू देत नाही.

बुधवारी काकू क्रीडा विभागाच्या कचेरीत गेल्या. तिथल्या कारकूनबाईंचं टेबल कपाटांच्या रांगेसमोर होतं. चष्मा नाकाच्या टोकावर, केसांत पेन. बत्तीस वर्षं विद्यार्थिनींना "अगं" म्हणायची सवय, त्यामुळे काकूंना पाहिलं की त्यांचं वाक्य सुरुवातीलाच अडायचं.

"अगं, म्हणजे अहो, काय हवंय?"

"हे चौथं पान. माझे पालक कोण?"

"आई, वडील. नाहीतर नवरा. भाऊही चालतो."

"आईवडील नाहीत आता."

"मग नवरा."

"आणि नवरा नसता तर?"

"आहे ना?"

"आहे."

"मग नसता तर कशाला?"

काकूंनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "माझी मुलगी एकवीस वर्षांची आहे. तिची सही चालेल?"

"मुलगी कशी आईची पालक होईल?"

"मुलगा असता तर?"

कारकूनबाईंनी खरोखर विचार केला. बाई प्रामाणिक होत्या. "मुलगा," त्या म्हणाल्या, "चालला असता बहुतेक."

स्पर्धा तोंडावर आल्याने आता रोजच सराव होता, पण मैदानावर मुलींना हे प्रकरण कळेना. "काकू, काकांची सही घ्यायला दोन मिनिटं लागतात," कप्तान म्हणाली. "काका नको म्हणतील का?"

"छे. ते कशाला नको म्हणतील."

"मग अडलंय कुठे?"

तिसऱ्या जागेवर खेचणारी उंच मुलगी, जिला सगळे शिडी म्हणत, ती बुटांची नाडी बांधत म्हणाली, "मला दाखवा काकांची सही. मी माझ्या बाबांची त्यांच्यापेक्षा चांगली करते. बँकेवाले त्यांची परत पाठवतात, माझी नाही."

सगळ्या हसल्या. काकूही हसल्या, पण त्या दिवशी दोर खांद्यावर असताना त्यांची टाच दोनदा सरकली. कप्तानाने पाहिलं आणि नुसता दोर सरळ केला, तेच काकूंना जास्त लागलं.

अडलं कुठे होतं ते काकूंना माहीत होतं. पंचवीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका कॉलेजात, त्या भाला फेकायच्या. चांगला फेकायच्या. तेव्हाही स्पर्धा परगावी होती, तेव्हाही असाच कागद होता, आणि वडील गेल्यावर घर चालवणारा थोरला भाऊ होता. भावाने कागद वाचला, घडी केली आणि खिशात ठेवला. म्हणाला, "बघू." सोमवारी बघू, मंगळवारी बघू. गुरुवारी सकाळी बस निघून गेली तेव्हा कागद भावाच्या खिशातच होता. त्याने नकार कधीच दिला नाही. नकार दिला असता तर निदान भांडता आलं असतं. पुढे ते कॉलेज सुटलं, लग्न झालं, आणि भाल्याचं नाव काकूंनी घरात कधी काढलं नाही. त्यांच्या नवऱ्यालाही ते माहीत नव्हतं.

काका म्हणजे त्यांचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करणारा. माणूस भला. बायकोने पुन्हा शिकायचं काढलं तेव्हा तेच सगळ्यांना कौतुकाने सांगत फिरले होते, "मी म्हटलं, शीक." त्यांनी कागद खिशात ठेवला नसता. त्यांनी तिथल्या तिथे सही केली असती आणि दुसऱ्या दिवशी कामावर सांगितलं असतं, "मी म्हटलं, जा." नवरा नको म्हणेल अशी काकूंना भीती नव्हती. तो हो म्हणेल याचीच होती, आणि ही भीती कुणाला सांगायला जावं तर स्वतःलाच वेड्यासारखं वाटे.

गुरुवार उजाडला. बेकरीत त्यांनी एका घाण्यात मीठ दोनदा घातलं. मालक म्हणाला, "बाई, लक्ष कुठंय?" काकू म्हणाल्या, "इथेच आहे," आणि तिसऱ्यांदा मिठाकडे हात नेला.

त्यांच्या घरात सहीचे कागद फ्रिजच्या दारावर लागायचे. लेक बालवाडीत होती तेव्हापासूनची रीत. चुंबकाखाली कागद अडकवायचा, शेजारी दोऱ्याने बांधलेलं पेन. काका कामावरून आले की गार पाण्याची बाटली काढायला फ्रिजशी जात, आणि एका हाताने बाटली तोंडाला लावून दुसऱ्या हाताने सही करत. सहल, प्रगतिपुस्तक, लस, जे असेल ते. कधी वाचत नसत. काकू विचारायच्या, "काय होतं ते?" तर म्हणायचे, "तू लावलंस म्हणजे ठीकच असेल."

गुरुवारी संध्याकाळी काकूंनी फॉर्म फ्रिजला लावला, चौथं पान वर करून. मग काढला. पुन्हा लावला. एकदा चुंबक वर, एकदा खाली. काढून पिशवीत टाकला, पिशवीतून काढून पुन्हा लावला, आणि तेवढ्यात बेकरीच्या मालकाचा फोन आला, खारट पावाच्या तक्रारी आल्या म्हणून. आवाज नीट येत नव्हता म्हणून त्या बाल्कनीत गेल्या. परत आल्या तेव्हा काका हात पुसत टेबलाशी बसले होते, आणि गुलाबी पानावर सही होती. शेजारी ग्रीसचा अंगठा.

काकू दारातच उभ्या राहिल्या.

लेक आली, चपला काढते न काढते तोच काकांनी सुरू केलं. "काय गं, रस्सीखेच? तू? तुला दोर म्हणून नेतायत का?"

लेकीने बापाकडे पाहिलं, मग फ्रिजकडे, मग आईकडे. नोटीस बोर्ड वाचणारी आई पाच महिने कुठे जाते हे तिला माहीत होतं. सगळ्या विद्यापीठाला माहीत होतं. तिने पाठीवरची बॅग खाली ठेवली.

"हो बाबा. नाव दिलंय."

"आडनाव दिसलं, रस्सीखेच दिसलं, म्हटलं चूक झाली असेल. आमच्या घरातलं कुणी कधी मैदानात उतरलंय? सांगायचं तरी. उद्या कामावर सांगतो सगळ्यांना." काका खरंच खूश झाले होते. "सही केलीय बरं का. बिनधास्त जा."

लेकीने खाली मान घालून ताट ओढलं. काकूंनी वाढायला घेतलं, एक वाटी उचलली, ती होती तिथेच ठेवली.

"तो माझा आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"फॉर्म. रस्सीखेच मी खेळते. पाच महिने झाले."

काका हसले. मग दोघींचे चेहरे बघून थांबले.

"शनिवारची लायब्ररी?"

"लायब्ररीच्या मागचं मैदान."

"आणि हिला माहीत होतं?"

"मला आईने नाही सांगितलं," लेक म्हणाली. "माझ्या वर्गातली मुलं तिचे व्हिडिओ बघतात."

काकांनी पाण्याचा घोट घेतला. "बरं. खेळतेस तर खेळ. पण मला सांगितलं का नाहीस? मी काय नको म्हणालो असतो?"

"नाही. तुम्ही हो म्हणाला असतात."

"मग?"

"तेच."

"हे बघ, मला समजेल असं बोल. लिफ्ट बंद पडली म्हणून फोन आला की मी आधी विचारतो, वर अडकलीय की खाली."

"मध्ये," काकू म्हणाल्या.

मग उभ्याउभ्याच त्यांनी भाल्याचं सांगितलं. कागदाची घडी, भावाचा खिसा, सोमवार, मंगळवार, गुरुवार. फार वेळ लागला नाही सांगायला. काका ऐकता ऐकता ताटाकडे बघायचं विसरले.

"तो?" ते शेवटी म्हणाले. "तुझा भाऊ? दर सुट्टीला इथे येऊन जेवतो तो?" आणि थोड्या वेळाने, "तेवीस वर्षांत मला भाल्याचं कळलं नाही." आणि मग, जरा चढ्या आवाजात, "पण मी काय तुझा भाऊ आहे का?"

"नाही. पण कागदाला ते कुठे कळतंय. त्याच्यावर सहीला एकच रेघ आहे. तुम्ही केलीत काय, त्याने नाही केली काय, माझं नाव वर आणि तुमचं खाली."

"खाली कसलं, मोठ्याच्या जागी," लेक मध्येच म्हणाली. "बाबा, तुमच्या कंपनीची कॅरम स्पर्धा होती तेव्हा तुम्ही तीन दिवस गेला होतात. आईने सही केली होती का कुठे?"

"मी सांगून गेलो होतो तिला."

"मग ती तेच म्हणतेय."

काका उठले. खुर्ची मागे सरकवून फ्रिजशी गेले, दोऱ्याचं पेन घेतलं आणि आपल्या सहीवर आडवी रेघ मारली. काकू एक पाऊल पुढे आल्या. उद्या बाराला फॉर्म द्यायचा होता, आणि हाती आलेली सही डोळ्यांदेखत गेली होती. आपल्याला हेच हवं होतं ना, असं त्या स्वतःला विचारत होत्या, आणि उत्तर काही धड येत नव्हतं. काकांनी मात्र रेघ मारून झाल्यावर पेन ठेवलं नाही. सवयीने शेजारी पुन्हा सही केली.

"ती कशाला?" लेक ओरडली.

"खोडलं की शेजारी सही करावी लागते. आमच्याकडे नियम आहे," काका म्हणाले, आणि मग त्यांना आपण काय केलं ते दिसलं. "अरेच्चा."

लेकीला हसू आवरेना. काकूही हसल्या. त्यांनी फॉर्म काढून घेतला.

"मी उद्या दोनला जाणार आहे. रविवारी संध्याकाळी येईन," त्या म्हणाल्या.

"बरं," काका म्हणाले. अजून थोडे दुखावलेले होते, ते आवाजात होतं. "सगळ्यात मागे उभी असतेस का तू?"

"हो."

"वाटलंच," ते म्हणाले आणि ताटाकडे वळले.

शुक्रवारी बेकरीतून लवकर सुटून काकू साडेदहाला कचेरीत हजर झाल्या. आता गुलाबी पानावर एक खोडलेली सही होती, खोडल्याची एक सही होती, ग्रीसचा अंगठा होता, आणि सगळ्यांच्या खाली काकूंची स्वतःची सही. नातं: स्वतः. कारकूनबाईंनी ते पान जवळ नेलं, लांब नेलं.

"ही सही खोडलीय?"

"हो."

"आणि ही?"

"ती खोडल्याची."

"म्हणजे त्यांची संमती आहे की नाही?"

"त्यांची हरकत काही नाही. पण संमती लागत नाही असं आमचं दोघांचं ठरलं."

"अगं, अहो, तुमचं दोघांचं ठरून काय उपयोग? नियम आहे हा."

"मला दाखवता?"

"काय?"

"नियम. मला फक्त वाचायचाय."

बत्तीस वर्षांत कुणी हे मागितलं नसावं. कारकूनबाई मोठ्या रुबाबात उठल्या, पहिलं कपाट उघडलं आणि बरोबर ती फाईल काढली. त्या फाईलमध्ये बुटांच्या रंगाबद्दलचं परिपत्रक होतं. दुसऱ्या फाईलमध्ये प्रत्येकाने आपापला पेला आणावा असं होतं. तिसरीत शिट्ट्या जपून वापरण्याबद्दल. काकू टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत होत्या. सव्वाअकरा झाले. साडेअकराला कारकूनबाई स्टुलावर चढल्या.

"इथेच आहे तो," त्या वरून म्हणाल्या. "आधीच्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मुलींच्या फॉर्मला हे लावायचंच."

"त्यांनी दाखवला होता का?"

वरून दुसरं कपाट उघडल्याचा आवाज आला.

पावणेबाराला कप्तान आणि शिडी धापा टाकत आल्या. टेबलावर आता मुलांच्या संघाचे फॉर्मही काढून ठेवलेले होते. कप्तानाने एक उचलून पानं मोजली. तीन. दुसरा उचलला. तीन. ती दोन्ही फॉर्म कारकूनबाईंच्या समोर पंख्यासारखे धरून उभी राहिली. कारकूनबाईंच्या कपाळावर घाम होता, बाहीला धूळ. बारा वाजता त्यांना यादी पाठवायची होती आणि यादीत सातच नावं होती.

त्या खुर्चीत बसल्या. केसांतलं पेन काढलं, परत खोचलं. मग खणातून पिन काढायचा चिमटा घेतला, काकूंच्या फॉर्मची पिन काढली, गुलाबी पान अलगद वेगळं केलं आणि खणात ठेवलं. उरलेल्या तीन पानांना नवी पिन मारली.

"तूर्तास," त्या म्हणाल्या. "नियम सापडला की मी हे परत लावणार. तुम्ही तिथे पोचलेल्या असाल तरी लावणार. फोन करीन."

"करा," काकू म्हणाल्या.

"मग आमचीही चौथी पानं काढा," कप्तान म्हणाली.

"तुमच्या सह्या आहेत ना व्यवस्थित? कशाला काढायच्या?"

"माझ्या बाबांची हिने केलीय."

"मला ऐकू आलं नाही," असं म्हणून कारकूनबाईंनी आठवं नाव यादीत लिहिलं.

दोन वाजता बस फाटकाशी उभी होती. ड्रायव्हरचा चहा संपायचा होता. मुली जागांवरून भांडत होत्या, शिडीचे पाय कुठेच मावत नव्हते, दोराची वेटोळी मधल्या वाटेत पडलेली होती. काकू पुढच्या दाराजवळ उभ्या होत्या. पिशवीतला फोन त्यांनी तीनदा काढून पाहिला. एकदा काकांचा होता, गॅसचं बटण कुठल्या बाजूला बंद होतं ते विचारायला. एकदा बेकरीचा. तिसऱ्यांदा कुणाचाच नव्हता, वाजल्यासारखा नुसता वाटला होता.

"काकू, बसा ना," कप्तान म्हणाली. "पाच तासांचा प्रवास आहे."

"बसते."

ड्रायव्हरने पेला धुऊन ठेवला आणि गाडी चालू केली. पहिल्या मजल्यावर क्रीडा विभागाची खिडकी उघडी होती. आत कपाटांची सगळी दारं सताड उघडी, आणि टेबलावर फायलींचा ढीग इतका उंच की त्यामागे कारकूनबाईंचं फक्त डोकं दिसत होतं. त्यांनी एक कागद उजेडाला धरला, वाचला, बाजूला ठेवला. दुसरा उचलला. तो जरा जास्त वेळ वाचला. काकूंनी वरच्या दांडीवरची मूठ आवळली. कारकूनबाईंनी तोही बाजूला ठेवला आणि तिसरा घेतला.

बस फाटकातून वळली.